अनेक कॉम्प्युटरचं कॅलेंडर हातातल्या उपकरणावर: निवडीचा आणि जोडणीचा बरोबर क्रम

ऑफिसचा कॉम्प्युटर विंडोजचा, घरचा मॅक किंवा लिनक्सचा, आणि हातात फोन किंवा टॅबलेट. तिन्हीकडे एकच कॅलेंडर दिसावं, एका ठिकाणी बदललं की बाकीकडे आपोआप बदलावं, एवढीच अपेक्षा असते. त्यासाठी बहुतेक जण आधी उपकरण घेतात आणि मग ते जोडायला बसतात. आठवडाभरात एकच मीटिंग दोनदा दिसू लागते, नाहीतर दिसतच नाही. अशी बरीच कॅलेंडरं मी लोकांना निस्तरून दिली आहेत. उपकरणात दोष क्वचितच सापडला, चूक जवळजवळ नेहमी क्रमाची होती.

कॅलेंडरची मूळ प्रत कुठे राहणार हे आधी ठरवायचं. ती प्रत प्रत्येक कॉम्प्युटरपर्यंत कोणत्या वाटेने जाते ते मग बघायचं. त्या वाटेने जाऊ शकेल असं उपकरण सगळ्यात शेवटी निवडायचं.

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करू. "वायरलेस सिंक" म्हणजे फोन आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात दोघंही इंटरनेटवरच्या एका सर्व्हरशी बोलतात. ब्लूटूथचा इथे काही संबंध नाही, आणि दोन्ही कॉम्प्युटर एकाच वेळी चालू असण्याचीही गरज नाही. त्यामुळे उपकरणाच्या माहितीपत्रकात कोणती ब्लूटूथ आवृत्ती लिहिली आहे, यावर वेळ घालवू नका.

## पायरी १: आज नोंदी कुठे आहेत ते शोधा

कागद घ्या आणि प्रत्येक कॉम्प्युटरसाठी तीन गोष्टी लिहा: कॅलेंडर कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडता, तो कोणत्या अकाउंटला जोडलेला आहे, आणि त्या अकाउंटखाली कोणकोणती कॅलेंडरं दिसतात. नावं जशी दिसतात तशीच उतरवा. "कॅलेंडर" नावाची तीन वेगळी कॅलेंडरं निघणं नेहमीचंच आहे.

आता प्रत्येक कॅलेंडरची एक सोपी परीक्षा घ्या. त्यात "चाचणी १" अशी नोंद करा. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडून त्या अकाउंटच्या वेबसाइटवर जा. तिथे नोंद दिसली तर ते कॅलेंडर सर्व्हरवर आहे. काही मिनिटं थांबूनही दिसली नाही, तर ते फक्त त्या मशीनवर आहे आणि इंटरनेटच्या वाटेने कोणतंही उपकरण ते सिंक करू शकणार नाही.

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. क्लासिक आउटलुकमध्ये (विंडोजवरचं जुन्या पद्धतीचं आउटलुक) ईमेल आयमॅप पद्धतीने जोडलेला असेल, तर मेल सगळीकडे दिसतो, म्हणून कॅलेंडरही सिंक होत असणार असं माणूस धरून चालतो. पण आयमॅप फक्त मेल नेतं-आणतं. कॅलेंडर त्या कॉम्प्युटरवरच्या फाइलमध्ये राहतं आणि त्याच्या नावापुढे बहुधा "धिस कॉम्प्युटर ओन्ली" असं लिहिलेलंही असतं. आयफोनवर "ऑन माय आयफोन" खाली दिसणारं कॅलेंडर आणि काही अँड्रॉइड फोनवरचं कंपनीचं स्वतःचं "माय कॅलेंडर" ही याच जातीची.

कामांच्या यादीची वेगळी ओळ लिहा. कॅलेंडर आणि कामांची यादी पडद्यावर शेजारी दिसली, तरी त्यांची वाट एकच असेल असं नाही. गूगल टास्क्स कॅलेंडरच्या वाटेने बाहेर जात नाही. आयक्लाउडचे रिमाइंडर २०१९ साली आलेल्या आयओएस १३ मध्ये नव्या स्वरूपात नेल्यावर इतर प्रोग्रॅमना कॅलडॅव्हने (कॅलेंडर सिंक करायची खुली पद्धत, ती पायरी ३ मध्ये येते) मिळत नाहीत.

तपासा: पुढे जाण्याआधी प्रत्येक कॅलेंडरची आयसीएस फाइल, म्हणजे त्यातल्या सगळ्या नोंदींची एका फाइलमधली नक्कल, काढून ठेवा. गूगल कॅलेंडरमध्ये सेटिंग्जमधल्या "इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट" मधून झिप फाइल मिळते, तिच्यात प्रत्येक कॅलेंडरची स्वतंत्र फाइल असते. मॅकच्या कॅलेंडरमध्ये आणि क्लासिक आउटलुकमध्ये ही सोय फाइल मेनूत आहे. फाइलच्या नावात तारीख घाला आणि ती पेन ड्राइव्हवर ठेवा. हे केल्याशिवाय पायरी २ वाचूही नका, इतकं मी आग्रहाने सांगतो.

## पायरी २: मूळ प्रतीची जागा ठरवा

पर्याय मोजकेच आहेत: गूगल, आयक्लाउड, मायक्रोसॉफ्टचं एक्स्चेंज किंवा ३६५ (ऑफिसांत चालणारी मेल-कॅलेंडरची सेवा), आणि नेक्स्टक्लाउड किंवा रॅडिकाले यांसारखा स्वतःचा सर्व्हर. आवडीपेक्षा एक प्रश्न विचारा: तुमच्या कॉम्प्युटरपैकी सगळ्यात हट्टी कोणता? ज्याच्यावर तुम्हाला काही इन्स्टॉल करता येत नाही किंवा सेटिंग बदलता येत नाही, तो. बहुधा तो ऑफिसचा असतो. त्याला जी जागा सहज पोहोचता येते, ती आधी विचारात घ्या. निदान तिची वेबसाइट तरी तिथे उघडली पाहिजे.

ऑफिसचं कॅलेंडर ऑफिसच्या सर्व्हरवर असेल तर ते तिथेच राहू द्या. घरचं आणि ऑफिसचं कॅलेंडर "एक करण्याचा" मोह अनेकांना होतो. तो टाळा. उपकरणावर दोन अकाउंट जोडली की दोन्हींच्या नोंदी एकाच पडद्यावर, वेगवेगळ्या रंगांत दिसतात. एकत्र दिसायला हवं होतं ते तेवढ्यातच साधतं. नोंदी एकमेकांत कालवल्या तर पुढे नोकरी बदलताना त्या निवडून वेगळ्या करणं फार कष्टाचं होतं.

ऑफिसच्या संगणक विभागाला उपकरण घेण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारा. स्वतःच्या उपकरणावर ऑफिसचं कॅलेंडर चालेल का? कोणत्या ॲपमधून? आणि गरज पडली तर विभाग फक्त ऑफिसचा डेटा पुसेल की अख्खं उपकरण? तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही आणि तोच सगळ्यात महागात पडू शकतो. काही ठिकाणी अकाउंट जोडतानाच संपूर्ण उपकरण दुरून पुसण्याची परवानगी घेतली जाते. अँड्रॉइडवर "वर्क प्रोफाइल" असेल तर ऑफिसचा भाग वेगळ्या कप्प्यात राहतो.

सावधान: एकाच प्रकारच्या नोंदींना दोन मूळ प्रती नकोत. "गूगलवरही ठेवतो आणि आयक्लाउडवरही, म्हणजे सुरक्षित" असा विचार म्हणजे दुबार नोंदींना आमंत्रण.

## पायरी ३: वाट ओळखा

सर्व्हरवरून नोंदी उपकरणापर्यंत यायच्या चार वाटा आहेत. त्यांतला फरक कळला की अर्धे घोळ होतच नाहीत.

दुतर्फा सिंक, कॅलडॅव्हने. हे खुलं मानक आहे, २००७ साली आरएफसी ४७९१ म्हणून प्रसिद्ध झालेलं. आयक्लाउड, नेक्स्टक्लाउड आणि गूगलही ते बोलतात. मॅक, आयफोन, थंडरबर्ड आणि लिनक्सवरचे प्रमुख कॅलेंडर प्रोग्रॅम यांना ते मुळातच येतं. अँड्रॉइडला मुळात येत नाही; त्यासाठी डॅव्हएक्स फाइव्हसारखं ॲप घालावं लागतं. क्लासिक आउटलुकलाही येत नाही, तिथे वेगळं ॲड-इन, म्हणजे आउटलुकला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लागतं. नव्या आउटलुकमध्ये जुन्या पद्धतीची ॲड-इन चालत नाहीत, तेव्हा तुमच्याकडे कोणतं आउटलुक आहे ते आधी बघून घ्या.

दुतर्फा सिंक, त्या त्या सेवेच्या स्वतःच्या पद्धतीने. एक्स्चेंजला आउटलुक ॲप किंवा आयफोनचं कॅलेंडर, गूगलला गूगल कॅलेंडर ॲप. बहुतेकांसाठी हीच सगळ्यात सोपी वाट.

सबस्क्रिप्शन. कॅलेंडरची लिंक दुसरीकडे चिकटवली की ते दिसू लागतं. पण ही वाट एकतर्फी आहे, त्यात बदल करता येत नाही, आणि ती संथ आहे. लिंकने जोडलेल्या कॅलेंडरमधला बदल गूगलमध्ये दिसायला १२ तास लागू शकतात, आउटलुकच्या वेब आवृत्तीत २४ तासांहूनही जास्त. सुट्ट्यांची यादी किंवा सामन्यांचं वेळापत्रक यासाठी ठीक. रोजच्या भेटीगाठींसाठी अजिबात नाही.

इम्पोर्ट. आयसीएस फाइल एकदा आत ओतली की झालं. ही फक्त त्या क्षणाची नक्कल आहे, तिचा मूळ कॅलेंडरशी पुढे काही संबंध राहत नाही. "सिंक झालं होतं, पण नंतर बंद पडलं" अशी तक्रार आली की मी आधी हेच विचारतो: इम्पोर्ट केलं होतं का? बहुतेक वेळा उत्तर "हो" येतं.

तपासा: पायरी १ च्या कागदावर मूळ प्रतीपासून प्रत्येक कॉम्प्युटरपर्यंत रेघ ओढा आणि रेघेवर वाटेचं नाव लिहा. एका कॅलेंडरकडून एका मशीनकडे दोन रेघा जात असतील तर एक खोडा.

## पायरी ४: आता उपकरण निवडा

कागद समोर असेल तर ही पायरी पटकन उरकते.

मूळ प्रत गूगलवर असेल तर अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही चालतात. आयफोनवर मात्र एक बारकावा आहे. गूगलचं अकाउंट आयफोनच्या स्वतःच्या कॅलेंडरला जोडलं, तर नोंदी ठरावीक अंतराने ओढून आणल्या जातात, सर्व्हरकडून लगेच ढकलल्या जात नाहीत. बदल चटकन दिसायला हवे असतील तर गूगलचं ॲप वापरा.

मूळ प्रत आयक्लाउडवर असेल तर आयफोन किंवा आयपॅडच घ्या. अँड्रॉइडवर ती ॲपसाठीचा खास पासवर्ड काढून कॅलडॅव्हने जोडता येते, आणि हातात आधीच अँड्रॉइड असेल तर जरूर जोडा. पण नव्याने निवडताना मुद्दाम हा वळसा घेऊ नये.

एक्स्चेंजला दोन्ही चालतात, ऑफिसने कोणतं ॲप सांगितलं आहे त्यावर ठरेल. स्वतःचा सर्व्हर असेल तर आयफोन विनासायास जोडला जातो, अँड्रॉइडला वर सांगितलेलं ॲप लागतं. ते एकदा नीट लावलं की उत्तम चालतं.

फोन की टॅबलेट? फक्त वाय-फाय असलेला टॅबलेट बाहेर पडलात की सर्व्हरपासून तुटतो. केलेली नोंद त्याच्यातच थांबते आणि नेटवर्क मिळाल्यावर पुढे जाते. तेवढ्या वेळात कुणी तुमची तीच वेळ घेतली तर तुम्हाला कळत नाही. दिवसभर फिरतीचं काम असेल तर सिमकार्ड चालणारं उपकरण घ्या. ई-इंक (कागदासारखा दिसणाऱ्या) पडद्याचा टॅबलेट घेणार असाल तर त्यावर अँड्रॉइड आहे का आणि त्यात तुमचं कॅलेंडर ॲप खरोखर इन्स्टॉल होतं का, हे स्वतः बघा. लिहिण्यासाठी बनवलेल्या काही टॅबलेटवर कॅलेंडर फक्त चित्रासारखं असतं, त्याचा सर्व्हरशी संबंध नसतो.

जास्त मेमरी आणि वेगवान प्रोसेसर यांसाठी कॅलेंडरच्या नावाखाली जादा पैसे देऊ नका. नोंदी म्हणजे मजकूर. वर्षानुवर्षांच्या नोंदींनाही फोटोंच्या मानाने नगण्य जागा लागते. त्याऐवजी अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून ७ वर्षांचं आश्वासन दिलं आहे, पण स्वस्त मॉडेलना ते लागू असेलच असं नाही.

सावधान, जुनं उपकरण घेणाऱ्यांसाठी: उपकरण चालू होतं म्हणजे ते सिंक होईल असं नाही. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये नुसत्या नाव-पासवर्डने जोडणं बंद करत आणलं. ज्या जुन्या ॲपना नवी लॉगिन पद्धत येत नाही, ती बाहेरच राहतात. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या उपकरणांत अलीकडची सुरक्षा प्रमाणपत्रं नसतात, त्यामुळे अनेक खासगी सर्व्हरची ओळख त्यांना पटत नाही आणि जोडणीच होत नाही. आणि गूगलच्या सेवा नसलेला फोन असेल, तर नेहमीची गूगल वाट तिथे मिळणार नाही हे गृहीत धरा.

## पायरी ५: पक्कं करण्याआधी खरी परीक्षा घ्या

शक्य असेल तर तेच मॉडेल कुणाकडून दिवसभर मागून घ्या, किंवा परत करायची मुदत असेल तर त्या मुदतीतच हे उरका. खऱ्या कॅलेंडरवर प्रयोग नको. मूळ जागी "तालीम" नावाचं नवं कॅलेंडर करा आणि फक्त त्यावर काम करा.

१. उपकरणावर नोंद करा, दोन्ही कॉम्प्युटरवर बघा. घड्याळ लावून वेळ मोजा.
२. कॉम्प्युटरवर तिची वेळ बदला, उपकरणावर बघा. मग उलट दिशेने खोडून बघा.
३. दर आठवड्याची नोंद करा आणि त्यातला एकच दिवस पुढे ढकला.
४. दिवसभराची नोंद करा, वाढदिवसासारखी.
५. विमान मोड लावून नोंद करा, दहा मिनिटांनी मोड काढा.
६. स्वतःच्याच दुसऱ्या ईमेलवरून मीटिंगचं निमंत्रण पाठवा आणि उपकरणावरून स्वीकारा.

यांतली तिसरी परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. पुन्हापुन्हा येणाऱ्या नोंदीतला एक अपवाद सांभाळणं हे सिंकचं खरं अवघड काम आहे. कच्ची जोडणी असेल तर ढकललेली मीटिंग दोन्ही दिवशी दिसते, नाहीतर अख्खी मालिका सरकते. चौथीत वाढदिवस एक दिवस अलीकडे-पलीकडे गेला, तर कुठेतरी तो "मध्यरात्र ते मध्यरात्र" असा वेळेसकट नोंदला गेला आहे आणि टाइम झोन त्याला हलवतोय. "दिवसभर" ही खूण लावूनच अशा नोंदी करा.

रिमाइंडर वाजतो का, हेही पाहा. नोंद पोहोचते पण तिचा रिमाइंडर वाटेत गळतो, असं होतं. आणि ते कळतं मीटिंग चुकल्यावर.

## पायरी ६: जोडणी याच क्रमाने

१. आयसीएस फाइल सुरक्षित आहे ना, पुन्हा खात्री करा.
२. मूळ जागेच्या वेबसाइटवर जाऊन जुनी, रिकामी, दुबार कॅलेंडरं साफ करा. साफसफाई जोडणीच्या आधी.
३. फक्त मशीनवर अडकलेल्या नोंदी एकाच कॉम्प्युटरवरून, एकदाच इम्पोर्ट करा. वेबसाइटवर त्या आल्या का ते पाहा.
४. पहिला कॉम्प्युटर जोडा. वेबसाइटशी ताडून बघा. चहा घेऊन या, पुन्हा ताडून बघा.
५. दुसरा कॉम्प्युटर जोडा, तसंच ताडा.
६. उपकरण सगळ्यात शेवटी जोडा.
७. प्रत्येक ठिकाणी डीफॉल्ट कॅलेंडर मूळ जागेवरचंच निवडा.
८. मशीनवरची जुनी कॅलेंडरं महिनाभर नुसती लपवून ठेवा, खोडू नका.

सातवी ओळ वगळली तर बाकी सगळं वाया जातं. फोनवर घाईत केलेली नोंद डीफॉल्ट कॅलेंडरमध्ये पडते, आणि ते फक्त त्या फोनवरचं असेल तर ती नोंद तिथेच राहते. जोडणी ठीक असूनही "अधूनमधून नोंदी गायब होतात" ही तक्रार यातूनच येते.

सावधान: उपकरणाने "मर्ज करायचं का?" (त्याच्यावरच्या नोंदी अकाउंटमध्ये मिसळायच्या का) असं विचारलं तर घाईने होकार देऊ नका. उपकरणावरच्या नोंदी आधीच मूळ जागी पोहोचल्या असतील, तर मर्ज केल्यावर त्या दुसऱ्यांदा तिथे जाऊ शकतात.

आणि हे मनापासून सांगतो: सिंक म्हणजे बॅकअप नाही. एका गृहस्थांना फोनवर सगळ्या नोंदी दोनदा दिसत होत्या. त्यांनी फोनवरचं एक कॅलेंडर "जास्तीचं" समजून पुसलं. तेच मूळ होतं, आणि काही सेकंदांत ते सगळ्या कॉम्प्युटरवरून गेलं. आम्हाला पुढची सहा महिन्यांची वेळापत्रकं ईमेल चाळून पुन्हा उभी करावी लागली. गूगल कॅलेंडरमध्ये खोडलेल्या नोंदी सुमारे ३० दिवस ट्रॅशमध्ये असतात, पण अख्खं कॅलेंडर गेल्यावर धावाधाव करण्यापेक्षा फाइल हाताशी असलेली बरी. दुबार नोंदी दिसल्या तर काही खोडू नका. आधी वेबसाइटवर बघा. तिथे एकच असेल, तर उपकरणाला तेच कॅलेंडर दोन वाटांनी येतंय. जास्तीची वाट बंद करा.

## पायरी ७: उपकरणावरच्या चार सेटिंग्ज

आयफोनवर डेटा ओढण्याचं अंतर बघा. "ऑटोमॅटिकली" ठेवलं तर पार्श्वभूमीतलं काम फोन चार्जिंगला आणि वाय-फायवर असतानाच होतं. १५ मिनिटं निवडा.

अँड्रॉइडवर कॅलेंडर आणि सिंकचं ॲप बॅटरी बचतीच्या बंधनातून मोकळं करा. काही कंपन्यांचे फोन पार्श्वभूमीतली ॲप फार आक्रमकपणे बंद करतात, आणि मग ॲप उघडल्यावरच नोंदी येतात.

मागच्या किती काळाच्या नोंदी उपकरणावर ठेवायच्या, हेही एक सेटिंग असतं. ते एका महिन्यावर असेल तर जुन्या नोंदी गेल्या असं वाटतं. त्या सर्व्हरवर सुखरूप असतात.

टाइम झोन तिन्ही ठिकाणी एकच हवा. एका कॉम्प्युटरचा चुकला असेल, तर त्यावर केलेली प्रत्येक नोंद बाकीकडे ठरावीक तासांनी सरकलेली दिसते.

## पहिल्या आठवड्याची तपासणी

रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या नोंदी वेबसाइटवर, दोन्ही कॉम्प्युटरवर आणि उपकरणावर मोजा. आकडा जुळला नाही, तर वेबसाइटवरचा खरा धरा. वेबसाइटवर नोंद आहे आणि उपकरणावर नाही, तर उपकरणाची सेटिंग्ज बघा. वेबसाइटवरच नाही, तर नोंद जिथे केली त्या मशीनवर ती कोणत्या कॅलेंडरमध्ये पडली आहे ते बघा. सात दिवस आकडे जुळले की लपवलेली जुनी कॅलेंडरं लपलेलीच राहू द्या, महिना पूर्ण झाल्यावर नवी आयसीएस फाइल काढा आणि मगच ती खोडा.